किड्यांचं प्रोटीन की दुधाचं: डबा पारखायचा कसा

प्रोटीनचा डबा हातात आला की आधी त्याची पाठ पाहायची. समोर फुगलेल्या दंडाचा फोटो आणि मोठाले इंग्रजी आकडे असतात. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरात असतं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळी माणसं कॅन घेऊन येतात, मी फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, काढून पावती फाडतो. बाजूच्या मैदानावर पोलीस भरतीची पोट्टी सोळाशे मीटर पळतात, गोळा फेकतात आणि मग पाणी प्यायला माझ्याकडे येतात. दुधातला माणूस म्हणून व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रोटीनच्या पावडरीचा, डबा कोणता घ्यावा, हे ते मलाच विचारतात. हल्ली त्यात नवीन भर पडली आहे. "भाऊ, मोबाइलवर किड्यांची पावडर दिसून राहिली. दुधापेक्षा जास्त प्रोटीन हाये म्हणते. घेऊ काय?"

ऐकणारे हसतात, पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. पोट्ट्याचा बाप कापूस विकून आलेल्या पैशातून त्या डब्याचे पैसे देणार असतो. म्हणून दोन्ही डबे समोर ठेवून काय पाहायचं, ते सांगतो.

डब्याआधी ताट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेलं प्रमाण आहे दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन. साठ किलोच्या माणसाला झाले ५० ग्रॅम. रोज पळणाऱ्या, वजन उचलणाऱ्या तरुणाला जास्त लागतं. क्रीडा पोषणातले जाणकार किलोमागे १.४ ते २ ग्रॅम सांगतात. म्हणजे साठ किलोला ८४ ते १२०.

आता ताट मोजा. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, त्यात साधारण २० ग्रॅम. दोन्ही वेळचं तुरीचं वरण, साठ ग्रॅम डाळ, १३ ग्रॅम. अर्धा लिटर म्हशीचं दूध, १८ ते २० ग्रॅम. दोन अंडी, १२. मूठ-दीड मूठ फुटाणे, १०. इथेच सत्तरच्या पुढे गेलो. त्यात तीस ग्रॅम कोरड्या सोयावड्या भिजवून भाजीत टाकल्या की आणखी १५, म्हणजे भरतीच्या पोराची खालची रेघ डबा न उघडता ओलांडली. भाकरीसोबत वरण हवंच, कारण ज्वारीत लायसिन नावाचा प्रोटीनचा घटक कमी पडतो आणि तो डाळीत भरपूर असतो. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. नुसती भाकर-चटणी खाऊन पळणाऱ्याने डब्याचा विचार करण्याआधी वरणाचा करावा.

त्याच पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत तर शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, असंच सांगितलं आहे. माझं मत इतकं कडक नाही. शेतातून येऊन पळायला जाणाऱ्याला, होस्टेलच्या पातळ वरणावर राहणाऱ्याला, अंडी घरात न चालणाऱ्याला एखादा स्कूप, म्हणजे डब्यातल्या मापाने एक माप, सोयीचा पडतो. मात्र किडनीचा त्रास असलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणत्याच डब्याला हात लावू नये, दुधाच्याही नाही आणि किड्यांच्याही नाही.

लेबलवरचं प्रोटीन मोजतात कसं

सगळ्यात जास्त घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

डब्यावर "१०० ग्रॅममध्ये प्रोटीन ७५ ग्रॅम" असं छापलेलं असतं. प्रयोगशाळेत सहसा हे प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणतात. केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये काढलेली ही पद्धत आजही चालते. साधारण अन्नाला ६.२५ ने गुणतात, दुधाला ६.३८ ने. हिशेब सोपा आहे, पण त्यात एक भोक आहे. नायट्रोजन प्रोटीनमधून आला की आणखी कशातून, हे त्या यंत्राला कळत नाही.

दुधाच्या धंद्यातल्या माणसाला हे भोक चांगलं माहीत असतं. पाणी घातलेल्या दुधाचा एसएनएफ घसरला की तो वर ओढायला कुणी युरिया टाकतो. २००८ मध्ये चीनमध्ये याच कारणासाठी बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन मिसळलं गेलं. त्यात नायट्रोजन ठासून भरलेला, त्यामुळे तपासणीत प्रोटीन भरपूर दिसलं. सहा बाळं दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली.

युरियाची घरगुती तपासणी आपल्या भागाला फारच सोयीची आहे, आणि ती भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, पुस्तिकेतच दिलेली आहे. परीक्षानळीत चमचाभर दूध घ्यायचं, त्यात अर्धा चमचा तुरीचं किंवा सोयाबीनचं पीठ टाकून नीट हलवायचं. पाच मिनिटांनी लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवायचा. कागद निळा झाला तर युरिया आहे. तुरीत आणि सोयाबीनमध्ये युरिया फोडणारं एन्झाइम असतं. त्यातून अमोनिया सुटतो आणि कागदाचा रंग पालटतो. आपल्या प्रत्येक घराच्या कोठीत ही प्रयोगशाळा पडलेली आहे.

प्रोटीनच्या डब्यात युरियापेक्षा हुशार चलाखी असते. ग्लायसिन, टॉरिन असे स्वस्त पदार्थ मिसळतात. खाल्ल्याने विषबाधा होत नाही, पण नायट्रोजन वाढतो आणि लेबलवरचं प्रोटीन फुगतं. हे तुरीच्या पिठाने पकडता येत नाही. घटकांची यादी वाचूनच संशय घ्यावा लागतो. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात मिळणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी होऊन निष्कर्ष छापून आले. त्यात सुमारे सत्तर टक्के पावडरींच्या लेबलवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली.

आता किड्यांकडे या. किड्याचं कवच कायटिनचं असतं आणि कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. इथे कुणी भेसळ केलेली नाही, किडा मुळात तसाच आहे. पण ६.२५ ने गुणलं की कवचही प्रोटीन म्हणून मोजलं जातं. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पिवळ्या मीलवर्मसारख्या अळ्यांसाठी ६.२५ ऐवजी ४.७६ हा गुणक सुचवला. युरोपातल्या लेबलवर मात्र कायद्याने ६.२५ च चालतो.

हिशेब करून पाहा. पिशवीवर प्रोटीन ६० लिहिलंय. ६० ला ६.२५ ने भागलं की ९.६, हा नायट्रोजन. त्याला ४.७६ ने गुणलं की सुमारे ४६. म्हणजे साठातले चौदा कागदावरच राहिले. रातकिड्याच्या पावडरीत ही तूट नेमकी इतकीच येईल असं नाही, पण येतेच. त्यामुळे "दुधापेक्षा जास्त प्रोटीन" असं कुणी म्हटलं तर विचारा, कोणत्या दुधापेक्षा? पातळ दुधात प्रोटीन तीन-चार टक्के असतं. कोरड्या पावडरीची तुलना त्याच्याशी केली तर आमच्या गावचे फुटाणेही जिंकतील. कोरड्याची तुलना कोरड्याशीच करायची.

दुधाचे डबे

यावर फार लिहीत नाही, कारण माहिती सगळीकडे आहे. दुधातल्या प्रोटीनचे ढोबळमानाने ऐंशी टक्के केसिन आणि वीस टक्के व्हे. चीज करताना जे पाणी सुटतं ते गाळून, आटवून, वाळवून व्हे पावडर होते. कॉन्सन्ट्रेट म्हटलं तर साधारण ८० टक्क्यांपर्यंत प्रोटीन आणि थोडं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. आयसोलेट म्हटलं तर नव्वदच्या आसपास आणि लॅक्टोज जवळपास नाहीच. केसिन हळू पचतं. चव आणि साखर मिसळली की हे सगळे आकडे खाली येतात, म्हणून तुमच्या हातातल्या डब्याचाच आकडा धरा.

स्कूपचा गोंधळ तेवढा सांगतो. एका डब्यावर "स्कूपमध्ये २४ ग्रॅम" आणि दुसऱ्यावर "२५ ग्रॅम" लिहिलेलं असतं, तर पोट्टे दुसरा उचलतात. पहिल्याचा स्कूप ३२ ग्रॅमचा आणि दुसऱ्याचा ४० ग्रॅमचा असतो, हे कुणी पाहत नाही. पहिल्यात ७५ टक्के प्रोटीन, दुसऱ्यात साडेबासष्ट. नेहमी १०० ग्रॅमचा रकाना वाचा.

साय काढलेल्या दुधाची पावडर, म्हणजे स्किम मिल्क पावडर, हीदेखील दुधाचं प्रोटीनच आहे, फक्त तिच्यावर दंडाचा फोटो नसतो. शंभर ग्रॅममध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, पण निम्मी पावडर लॅक्टोजची. ज्याला दूध पचतं त्याच्यासाठी हा सगळ्यात स्वस्त दुधाचा डबा. आणि पनीर फाडल्यावरचं पाणी "फुकटचं व्हे" म्हणून पिणाऱ्यांना सांगतो, दूध तापवून फाडलं की व्हेचा बराचसा भाग पनीरमध्येच अडकतो. त्या पाण्यात लिटरला चार-पाच ग्रॅमच्या वर सहसा प्रोटीन नसतं. ते कणकेत घाला, चांगलं आहे, पण त्याच्यावर गोळा लांब जाणार नाही.

किड्यांची पावडर

बाजारात जी असते ती मुख्यतः घरगुती रातकिड्याची किंवा मीलवर्म नावाच्या अळीची. बंदिस्त जागेत धान्याच्या खाद्यावर वाढवतात, शेवटी दिवसभर उपाशी ठेवून पोट रिकामं करतात, गोठवतात, धुतात, तापवून वाळवतात आणि दळतात. काही ठिकाणी त्याआधी तेल काढतात. थायलंडमध्ये रातकिड्यांची शेती हा खेड्यातला जोडधंदा आहे. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालात तिथल्या सुमारे वीस हजार फार्मची नोंद आहे. युरोपने २०२१ मध्ये वाळवलेल्या पिवळ्या मीलवर्मला आणि जानेवारी २०२३ मध्ये तेल काढलेल्या रातकिड्याच्या पावडरीला खाद्य म्हणून मान्यता दिली. सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये सोळा जातींना.

"छी" म्हणण्याआधी आपल्याच विदर्भाकडे पाहा. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडे माडिया आदिवासी झाडावरच्या लाल मुंग्यांची चटणी करतात, आणि ती भुकेपोटी केलेली गोष्ट नाही, आवडीचं तोंडीलावणं आहे. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातल्या अशाच मुंग्यांच्या चटणीला, सिमिलीपाल काई चटणीला, जानेवारी २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आसामात एरी रेशमाचे कोष सोलून आतला किडा खातात. तेव्हा किडे खाणं हे परदेशातून आलेलं खूळ आहे, असं आपल्याला म्हणता येणार नाही.

माझा भाचा थायलंडला गेला होता, त्याने रातकिड्याच्या पावडरीची एक पुडी आणली. घरी बायको माळकरी. पुडी उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं तिने आधीच सांगितलं. मग गोठ्यात खाटेवर बसून पाहणी केली. रंग भाजलेल्या जवसाच्या चटणीसारखा. वास पहिल्यांदा शेंगदाण्याचा आणि मागून सुकवलेल्या झिंग्याचा. पाण्यात टाकून हलवली तर विरघळली नाही. थोड्या वेळात ग्लासच्या तळाशी गाळ आणि वर गढूळ पाणी. जिभेवर बारीक रवाळ कण, दातांत चुरचुर. चव वाईट म्हणणार नाही, पण व्हे जसं ताकात किंवा दुधात घुसळून पिता येतं, तसं हे पिता येत नाही. वापरायचीच असेल तर बेसनात, थालीपिठाच्या भाजणीत, मसालेदार रश्श्यात. दहा वाट्या पिठाला एक वाटी, त्याच्या वर जाऊ नका. यात चिकटपणा नाही, भाकर थापताना फाटते.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: शेतातले, दिव्याखालचे किडे गोळा करून वाळवायचे नाहीत. एका पोट्ट्याने मला खरंच विचारलं होतं, "आपल्या इथं तं पावसाळ्यात फुकट भेटते ना भाऊ?" आपल्या कपाशीवर आणि सोयाबीनवर काय-काय फवारलं जातं, ते आपल्याला माहीत आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या शेतातला रातकिडा तेच खाऊन बसलेला असतो. कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी म्हणून जी अळ्यांची पावडर मिळते, तीही माणसाने खायची नाही, कितीही स्वस्त असली तरी.

कुणाला काय पचणार

दूध प्यायल्यावर पोट गुरगुरतं, फुगतं, संडासला पळावं लागतं, असा त्रास आपल्याकडे पुष्कळांना आहे. तो लॅक्टोजचा. तपासणी सोपी: उपाशीपोटी ग्लासभर दूध प्या आणि दोन-तीन तास पोटाकडे लक्ष ठेवा. त्रास होत असेल तर कॉन्सन्ट्रेट आणि स्किम मिल्क पावडर बाद, आयसोलेट चालून जाईल. दह्या-ताकाने त्रास होत नाही म्हणून दूध पावडरही चालेल, असं समजू नका. लॅक्टोजचा त्रास वेगळा आणि दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी वेगळी. ॲलर्जी असणाऱ्याला आयसोलेटही चालत नाही.

किड्यांच्या बाजूला याहून गंभीर गोष्ट आहे. झिंगे, खेकडे खाल्ल्यावर ज्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, त्याने किड्यांच्या पावडरीचा चमचाही तोंडात घालू नये. झिंगा आणि रातकिडा लांबचे भाऊ आहेत. ॲलर्जी आणणारं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन दोघांतही सापडतं. घरातल्या धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांची, ॲलर्जी असणाऱ्यालाही हाच धोका. युरोपात म्हणूनच अशा पाकिटावर इशारा छापावा लागतो. भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला झिंगे चालतात की नाही हे लहानपणीच कळलेलं असतं. आमच्याकडे ज्यांनी कधी झिंगा खाल्लाच नाही, त्यांना आपली ॲलर्जी माहीतच नसते. त्यांनी तर जास्तच जपावं.

दंड कशाने भरतो

स्नायू बांधायला ल्युसिन नावाचा घटक महत्त्वाचा असतो. व्हेच्या १०० ग्रॅम प्रोटीनमध्ये ते १० ग्रॅमच्या आसपास भरतं, रातकिड्यात ७ च्या. म्हणजे एका वेळी जे काम व्हेच्या २५ ग्रॅम प्रोटीनने होईल, त्यासाठी रातकिड्याचं पस्तीसेक ग्रॅम प्रोटीन लागेल. पण किड्याला कमीही लेखू नका. नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टमध्ये २४ तरुणांवर अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायामानंतर काहींना दुधाचं ३० ग्रॅम प्रोटीन दिलं, काहींना मीलवर्मचं. स्नायू बांधणीचा वेग दोन्हीकडे सारखाच आला. बरोबरी झाली ती ३० ग्रॅम प्रोटीन सारखं मोजून दिल्यावर. ३० ग्रॅम पावडर देऊन नाही.

एका बाबतीत रातकिडा सरस आहे. त्यात लोह, झिंक आणि बी-१२ चांगलं असतं. व्हेमध्ये लोह नावापुरतं. रक्त कमी असलेल्या बाईला कुणी "ताकद येते" म्हणून व्हेचा डबा देत असेल, तर त्या डब्याने हिमोग्लोबिन वाढणार नाही.

पर्यावरणाचा मुद्दा जाहिरातीत फार येतो. एक किलो रातकिडे वाढवायला दोनेक किलो खाद्य लागतं आणि गोमांसाला त्याच्या कितीतरी पट, हे खरं आहे. पण ती तुलना मांसाशी आहे. व्हे तर चीजच्या कारखान्याचं उरलेलं पाणी, आणि आमच्या भागातली गवळाऊ गाय कुटार, कडबा आणि बांधावरचं गवत खाते. ज्याच्या ताटात गोमांस कधी येतच नाही, त्याने हा आकडा वाचून डबा बदलायचं कारण नाही.

ग्रॅमला किती पैसे

कागद-पेन घ्या. पुढचे भाव उदाहरणाचे आहेत, तुमच्या दुकानातले टाका.

समजा व्हेचा किलोचा डबा २,५०० रुपयांना आणि १०० ग्रॅमला प्रोटीन ७५. म्हणजे डब्यात ७५० ग्रॅम प्रोटीन; एक ग्रॅम पडलं ३ रुपये ३३ पैशांना. समजा किड्यांची पाव किलोची पिशवी १,५०० रुपयांना, लेबलवर ६०. म्हणजे १५० ग्रॅम, ग्रॅमला १० रुपये. वरची नायट्रोजनची वजाबाकी धरली तर उरले ११४ ग्रॅम आणि भाव गेला १३ रुपयांवर. स्किम मिल्क पावडर ४०० रुपये किलो धरली तर १ रुपया १४ पैसे. फुटाणे १४० रुपये किलो धरले, प्रोटीन २० टक्के, तर ७० पैसे. सोयावडी १३० रुपये किलो, प्रोटीन ५२ टक्के: २५ पैसे.

यात आमच्या भागाची गंमत अशी की सोयाबीन आपणच पिकवतो, पडेल त्या भावात मोंढ्यावर टाकतो आणि त्याच पैशातून पोराला व्हे घेऊन देतो. सोयावडी कोमट पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळली की तिचा उग्र वास जातो; मग सावजी मसाल्याचा रस्सा केला तर पोट्टे मटण म्हणून खातात.

पाकिटावर काय असलंच पाहिजे

एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक. तो फूड सेफ्टी कनेक्ट ॲपमध्ये टाकून पाहा, कंपनीचं नाव जुळतं का. परदेशी डबा असेल तर आयातदाराचं नाव, पत्ता आणि त्याचा परवाना क्रमांक. ते नसेल तर माल कितीही "ओरिजिनल" म्हणून दाखवला तरी ठेवून द्या. बिल घ्या, बिलावर बॅच नंबर लिहून घ्या.

दुधाच्या डब्यावर हिरवा ठिपका असतो. किड्यांची पावडर प्राण्यापासून आलेली, तिच्यावर तपकिरी त्रिकोण यायला हवा. माळकरी घरातल्या पोराने नवस-उपास मोडल्याचा आळ घेण्यापेक्षा खूण आधी पाहावी. "कीटकजन्य" असं सरळ न लिहिता परदेशी लॅटिन नावं लिहिलेली असली तर ती ओळखून ठेवा: अकेटा डोमेस्टिकस (Acheta domesticus) म्हणजे रातकिडा, टेनेब्रिओ मोलिटर (Tenebrio molitor) म्हणजे पिवळा मीलवर्म.

भारतात ज्या पदार्थाचं मानक ठरलेलं नाही, तो खाद्य म्हणून विकण्याआधी २०१७ च्या नियमांप्रमाणे एफएसएसएआयची मंजुरी लागते. म्हणून किड्यांची पावडर विकणाऱ्याकडे दोन कागद मागा, मंजुरीचा आणि प्रयोगशाळेच्या तपासणीचा. "ऑनलाइन सगळे विकून राहिले" हे उत्तर म्हणजे कागद नाही.

घरी एवढं करून पाहा

स्वस्त डब्यात पिठाची भेसळ असेल तर ती पकडता येते. बिनचवीची पावडर चमचाभर घ्या, अर्धा कप पाण्यात उकळा, पूर्ण थंड होऊ द्या. मग मेडिकलमधून आणलेल्या टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा-जांभळा रंग आला तर आत स्टार्च आहे. आयोडीनचा स्वतःचा तपकिरी-पिवळा रंग दिसला तर पीठ नाही. उकळताना व्हेच्या गुठळ्या होतील, त्याने घाबरू नका. उष्णतेने व्हे आळतं. चॉकलेट चवीच्या डब्यावर हा प्रयोग करू नका, कोकोमध्ये मुळातच स्टार्च असतो आणि चांगला डबाही नापास होईल. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च फोडून केलेली पावडर, मिसळलं असेल तर तेही या प्रयोगात निळं होत नाही. ते घटकांच्या यादीत शोधायचं. यादीत जो पदार्थ जास्त, तो आधी लिहिलेला असतो. पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं असेल तर तो वजन वाढवायचा डबा आहे.

दोन्हीतलं काहीही घेतलं तरी सुरुवात अर्ध्या स्कूपने, जेवणानंतर. किड्यांची पहिल्यांदा खाताना पाव चमचा, दिवसा, घरात दुसरं माणूस असताना आणि त्यानंतर दिवसभर नवीन काही न खाता.

ठेवायचं कुठे, हेही पाहा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पावडर भट्टीत ठेवल्यागत तापते. व्हेला ऊन आणि ओल लागली की गोळे होतात, रंग पिवळट तपकिरी होतो आणि त्यातलं लायसिन वाया जातं. किड्यांच्या पावडरीत तेल शिल्लक असेल तर ती त्याआधी खवट होते. जुन्या शेंगदाणा तेलाचा वास आला की फेकायची. म्हणून मोठा डबा स्वस्त पडतो या हिशेबाने एप्रिलमध्ये घेऊ नका. छोटा घ्या, माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा, ओला चमचा घालू नका, आणि झाकणावर उघडल्याची तारीख पेनने लिहा.